अडकलेली पुंगळी आणि ‘फक्त तीन टक्के’

पेटची तयारी करताना ‘युनिट ऑफ अ‍ॅनालिसिस’ ही संज्ञा सगळेच पाठ करतात. व्याख्या येते, चार मार्क मिळतात, विषय संपतो. पण स्वतःच्या डेटावर ती वापरायची वेळ आली की गडबड होते. म्हणून आज एक जुनी, खरी केस घेऊ. विषय जरा वेगळा आहे: दीडशे वर्षांपूर्वीच्या एका बंदुकीतून झाडलेल्या काडतुसाची पुंगळी बाहेर येत नव्हती. हे किती वेळा झालं, का झालं आणि ते दुरुस्त कसं केलं, एवढंच बघायचंय. आकडे अगदी शाळेतले आहेत, अंश आणि छेद. सगळा घोळ छेदात आहे.

आधी प्रसंग. २५ जून १८७६, आजच्या अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातली लिटल बिगहॉर्न नदी. लेफ्टनंट कर्नल जॉर्ज कस्टर याची सातवी कॅव्हलरी लकोटा, शायेन आणि अरापाहो लोकांच्या मोठ्या तळावर चालून गेली. कस्टरने रेजिमेंटचे तुकडे केले होते. त्याच्यासोबतच्या पाच कंपन्यांतले सुमारे २१० जण मारले गेले, त्या बाजूची हकिगत सांगायला एकही सैनिक परत आला नाही. उरलेल्या सात कंपन्या मेजर मार्कस रीनो आणि कॅप्टन बेंटीन यांच्या हाताखाली काही मैलांवरच्या टेकडीवर अडकल्या, दुसऱ्या दिवसापर्यंत लढत राहिल्या आणि बऱ्याचशा वाचल्या.

एवढा मोठा पराभव झाल्यावर कारण शोधायची घाई होतेच. त्यातलं एक कारण फार लवकर पुढे आलं आणि आजही सांगितलं जातं: सैनिकांच्या बंदुका अडकल्या. गोळी झाडल्यावर रिकामी पुंगळी चेंबरमध्येच रुतून बसायची, माणूस चाकूने ती उचकटत बसायचा आणि तेवढ्यात मारला जायचा.

हे खरं असेल तर दोष हत्यार निवडणाऱ्यांचा. खोटं असेल तर दोष सेनापतीचा, डावपेचांचा, किंवा समोरचे जास्त चांगले लढले एवढंच. म्हणजे एका धातूच्या नळकांड्यावर बरंच काही अवलंबून आहे.

बंदूक कशी चालायची

कॅव्हलरीकडे १८७३ची स्प्रिंगफील्ड कार्बाइन होती. एका वेळी एकच गोळी. नळीच्या मागच्या टोकाला एक ठोकळा, तो पेटीच्या झाकणासारखा वर आणि पुढे उघडायचा. म्हणून तिला ‘ट्रॅपडोअर’ म्हणतात. काडतूस आत सरकवा, झाकण बंद करा, घोडा ओढा, झाडा. झाकण पुन्हा उघडलं की बिजागराशी असलेला छोटा एक्स्ट्रॅक्टर पुंगळीच्या मागच्या कडेला धरून तिला बाहेर फेकायचा.

इथे एक बारकावा आहे. हा एक्स्ट्रॅक्टर काम करतो तो झाकण जवळजवळ पूर्ण उघडल्यावर, एका झटक्यात. पुंगळी सैल असेल तर झकास. घट्ट बसली असेल तर झटक्याचा उपयोग कमी, तिथे हवी असते हळू आणि जबरदस्त ओढ. नंतरच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींमध्ये बोल्टचा दांडा फिरवताना उताराच्या आकाराची खाच पुंगळीला पहिले एक-दोन मिलिमीटर प्रचंड ताकदीने मागे खेचते आणि मग ती सहज निघते. बरणीचं घट्ट झाकण आपण हिसका मारून उघडत नाही, पिळून उघडतो, तसंच. ट्रॅपडोअरमध्ये ही पिळण्याची सोय नव्हती.

आणि ज्याला बाहेर काढायचं ती पुंगळी होती तांब्याची.

तांबं का रुसतं

स्टीलचा एक पेला दुसऱ्यात अडकला की घरी काय करतो? आतल्या पेल्यात गार पाणी, बाहेरून गरम पाणी. आतला आखडतो, बाहेरचा फुगतो, फट तयार होते. पुंगळीला नेमकं हेच करायचं असतं, फक्त दाबाच्या जोरावर. गोळी झाडली की आतल्या वायूच्या दाबाने पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला चिकटते. हे हवंच असतं, नाहीतर वायू मागे डोळ्यांवर येईल. दाब गेला की तिने थोडं आखडून भिंत सोडायची. चेंबरचं पोलादही दाबाखाली किंचित ताणलेलं असतं आणि तेही मूळ मापावर येतं. प्रश्न एवढाच की जास्त कोण आखडतं. पुंगळी जास्त आखडली तर सुटते, चेंबर जास्त आखडलं तर पुंगळी आवळली जाते.

धातू किती परत आखडेल याचा ढोबळ अंदाज त्याच्या यील्ड स्ट्रेंथला यंगच्या मापांकाने भागून येतो. मऊ तांब्याची यील्ड स्ट्रेंथ साधारण ७० मेगापास्कल आणि मापांक सुमारे ११७ गिगापास्कल धरा. भागाकार येतो ०.०००६. पुंगळीचा मागचा व्यास जवळपास १२.८ मिलिमीटर, म्हणजे आखडणं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. आता काडतुसाचं कडक केलेलं पितळ घ्या, यील्ड स्ट्रेंथ ४०० आणि मापांक ११० धरून. भागाकार ०.००३६, आखडणं ०.०४६ मिलिमीटर. सहापट. (ओढून घडवलेलं तांबं मऊ तांब्यापेक्षा कडक असतं, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून कमी असणार. पण दिशा तीच.)

त्यात भर काळ्या दारूची. बंदुकीची काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात उरतो. या कार्बाइनच्या काडतुसात ५५ ग्रेन, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम दारू. बरीचशी राख नळीतून बाहेर जाते, पण सगळी नाही. चेंबरमध्ये थर चढतो, नळी तापते, जूनमधली धूळ त्यावर बसते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण ती बंदुकीत नाहीच. सैनिक काडतुसं कातडी पट्ट्यांच्या फासात अडकवून ठेवायचे. कातडं कमावताना वापरलेलं टॅनिक आम्ल तांब्याशी प्रक्रिया करतं आणि हिरवट कळकट थर धरतो. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट ठेवल्यावर दिसतो त्याचाच भाऊ. असं कळकलेलं काडतूस न पुसता आत घातलं की चेंबर आणि पुंगळी यांच्यात एक प्रकारचा गोंदच तयार झाला. मग एक्स्ट्रॅक्टर मऊ तांब्याची कड ओढतो, कड फाटून हातात येते आणि उरलेलं नळकांडं आत. रायफलींना नळीखाली एक लांब सळई असायची, ती पुढून घालून नळकांडं ठोकून काढता यायचं. कॅव्हलरीच्या कार्बाइनला तीही नव्हती. मग उरला चाकू.

म्हणजे दोष कशाचा? एक्स्ट्रॅक्टरचा, धातूचा, दारूचा, पट्ट्याचा, की सळई न देणाऱ्याचा? बिघाडाचं कारण शोधताना पहिला संशय नेहमी जो भाग काम करताना दिसतो त्याच्यावर जातो. इथे तो एक्स्ट्रॅक्टर. पण तो साखळीतला शेवटचा दुवा आहे.

साक्षीदार कोण

आता पुरावे. पहिला मोठा लेखी पुरावा खुद्द रीनोचा. ११ जुलै १८७६ला, लढाईला अडीच आठवडेही झाले नव्हते तेव्हा, त्याने सैन्याच्या शस्त्रविभागाच्या प्रमुखाला पत्र लिहिलं. त्यात आकडा आहे: ३८० कार्बाइनपैकी सहा निकामी झाल्या. कारणही आहे: ब्रीचचा ठोकळा नीट बंद होत नव्हता, मध्ये फट राहायची, झाडल्यावर उघडलं की काडतुसाचं डोकं तुटून यायचं आणि नळकांडं आत राहायचं, जे हाताशी असलेल्या साधनांनी निघत नव्हतं. धुळीमुळे ठोकळा बसत नाही असंही तो म्हणतो. पुढे तो कस्टरच्या बाजूची गोष्टही सांगतो. एका इंडियन स्काउटने लपून पाहिलं की माणसं गोळीबारात खाली बसून बंदुकांशी झटत होती, आणि मृतांना पुरणाऱ्या अधिकाऱ्यांना प्रेतांजवळ तुटलेल्या पात्यांचे चाकू सापडले.

पत्र वाचताना लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण हे विसरू नका. ही बंदूक ज्या मंडळाने १८७२-७३मध्ये सुमारे शंभर नमुने तपासून निवडली, त्याचा अध्यक्ष होता जनरल आल्फ्रेड टेरी, १८७६च्या मोहिमेत कस्टरचा वरिष्ठ. आणि मंडळाचा एक सदस्य होता मेजर मार्कस रीनो. पत्र ज्याला लिहिलं तो शस्त्रविभागाचा प्रमुख स्टीफन बेने; तांब्याच्या त्या काडतुसातली ठिणगीची रचना त्याच्याच नावाने ओळखली जाते. निवडणाऱ्याने बनवणाऱ्याकडे केलेली तक्रार! शिवाय रीनोच्या स्वतःच्या वागण्यावर त्या लढाईनंतर इतकी टीका झाली की १८७९मध्ये शिकागोत चौकशी बसली. याचा अर्थ तो खोटं लिहितोय असा नाही. उलट स्वतः निवडलेल्या बंदुकीविरुद्ध तो बोलतोय म्हणून विश्वास वाढतो, आणि पराभवाचं ओझं बंदुकीवर गेलं तर त्याचा फायदा आहे म्हणून कमी होतो. दोन्ही एकाच वेळी. ऐतिहासिक साधनं अशीच असतात. ‘पक्षपाती’ असा शिक्का मारून बाजूला ठेवलं तर हातात काहीच उरत नाही.

जमिनीतून आलेला आकडा

ऑगस्ट १९८३मध्ये रणभूमीवरचं गवत वणव्यात जळालं आणि जमीन उघडी पडली. रिचर्ड फॉक्स यांनी आधी पाहणी केली आणि १९८४-८५मध्ये डग्लस स्कॉट आणि फॉक्स यांनी मेटल डिटेक्टर घेऊन पद्धतशीर शोध घेतला. प्रत्येक वस्तू जिथे सापडली तिथे खूण, नोंद, मगच उचलायची. पुंगळ्या सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या. फायरिंग पिनचा ठसा आणि एक्स्ट्रॅक्टरची खूण प्रत्येक बंदुकीची थोडी वेगळी असते, गुन्हे तपासात वापरतात तीच पद्धत. त्यामुळे कुठली पुंगळी कुठल्या बंदुकीतली आणि ती बंदूक मैदानावर कुठून कुठे गेली हे मांडता आलं.

याच पुंगळ्यांवर चाकूने उचकटल्याचे ओरखडे शोधले. कस्टरच्या बाजूला कार्बाइनच्या ८८ पुंगळ्या, त्यातल्या तिघींवर ओरखडे: ३.४ टक्के. रीनो-बेंटीनच्या टेकडीवर २५७, त्यातल्या सातांवर: २.७ टक्के.

बहुतेक लेखांत इथे निकाल लागतो. फक्त तीन टक्के, म्हणजे बंदुका अडकल्याची गोष्ट दंतकथा. पुस्तक बंद.

मला हा ‘फक्त’ खटकतो.

छेद बघा. रीनोच्या सहामागे ३८० आहे आणि ते ३८० बंदुका आहेत. उत्खननाच्या सातामागे २५७ आहे आणि त्या २५७ पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या गोळ्या आहेत. पहिला दर बंदुकीमागे, दुसरा गोळीमागे. १.६ टक्के आणि २.७ टक्के शेजारी ठेवून ‘साधारण जुळतात’ असं म्हणणं म्हणजे दरडोई उत्पन्न आणि दर-घर उत्पन्न एका स्तंभात लिहिण्यासारखं आहे. आता सैनिकाच्या जागी बसा. गोळीमागे तीन टक्के शक्यता आणि तुम्ही वीस गोळ्या झाडल्या. एकदाही न अडकण्याची शक्यता ०.९७चा विसावा घात, म्हणजे ०.५४. तर निदान एकदा अडकण्याची शक्यता ४६ टक्के. जवळपास दर दुसऱ्या माणसाला एकदा चाकू काढावा लागला. प्रत्येकाकडे कार्बाइनची शंभर काडतुसं होती, वीस हा आकडा फुगवलेला नाही.

सॅम्पल लहान आहे हेही घ्या. २५७पैकी ७ला ९५ टक्के विश्वासमर्यादा काढली (विल्सनच्या पद्धतीने) तर १.३ ते ५.५ टक्के येते. वीस गोळ्यांना लावली तर निदान एकदा अडकण्याची शक्यता २३ ते ६८ टक्क्यांमध्ये कुठेही. कस्टरच्या बाजूच्या ८८साठी मर्यादा आणखी रुंद, १.२ ते ९.५. या दोन जागांमध्ये फरक आहे असं या डेटावरून म्हणता येत नाही. नाही असंही म्हणता येत नाही.

लगेच एक हरकत येईल आणि ती बरोबर आहे. घात करताना आपण धरलं की प्रत्येक गोळी स्वतंत्र आहे. खरं तर एखादी बंदूक घाण, एखाद्याचा पट्टा कळकट, म्हणजे अडकणं काही मोजक्या बंदुकांत गोळा होणार. सगळ्या सात ओरखड्यांच्या पुंगळ्या दोनच कार्बाइनमधल्या असतील तर बाकीच्यांना काहीच त्रास झाला नाही. ही हरकत तपासायची सोयही इथे आहे: फायरिंग पिनचे ठसे. असा डेटा हाताशी असताना नुसता टक्का छापून थांबणं म्हणजे ताटात वाढलेलं न जेवता उठणं.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ओरखडा असलेली पुंगळी जमिनीत का सापडली? कारण ती निघाली. चाकूने उचकटून का होईना, बाहेर पडली आणि सैनिकाने पुढची गोळी भरली. रीनो ज्या बिघाडाबद्दल बोलतो त्यात डोकं तुटतं आणि नळकांडं आत राहतं. ते नळकांडं बंदुकीसोबत गेलं. कस्टरच्या बाजूच्या बंदुका तर जिंकणाऱ्यांनी उचलून नेल्या. म्हणजे जो बिघाड माणसाला खरोखर निःशस्त्र करतो, तोच या सॅम्पलमध्ये नीट दिसू शकत नाही. दोन पुरावे एकमेकांना खोटं पाडत नाहीत, ते दोन वेगळे बिघाड मोजताहेत. एक सुटलेला, एक न सुटलेला.

आणखी गाळण्या आहेतच. शंभर वर्षं हौशी लोकांनी पुंगळ्या वेचून नेल्या. लकोटा आणि शायेन लोकांनी हिसकावलेल्या कार्बाइन तिथेच वापरल्या, त्यामुळे प्रत्येक पुंगळी सैनिकाचीच असेल असं नाही. सळईने पुढून ठोकून काढलेल्या पुंगळीवर चाकूचा ओरखडा उमटतच नाही. टेकडीवर कॅप्टन फ्रेंच आपल्याकडच्या लांब रायफलीच्या सळईने लोकांच्या अडकलेल्या पुंगळ्या काढून देत होता असं वाचलेल्यांनी सांगितलंय. अशा पुंगळ्या ‘निर्दोष’ रकान्यात गेल्या.

मग पराभवाचं कारण बंदुका होत्या का? माझं मत: नाही, पण ‘फक्त तीन टक्के’ हे त्याचं कारण नाही. टेकडीवर तीच बंदूक, तीच काडतुसं, तेच पट्टे, जास्त वेळ लढाई, आणि ती माणसं टिकली. तुलना करायची तर ही करा. फॉक्स यांनी १९९३च्या पुस्तकात मांडलं की कस्टरच्या कंपन्यांची फळीच विस्कटली. पुंगळ्या कुठे दाट आणि कुठे विरळ पडल्या आहेत यावर तो युक्तिवाद उभा आहे, ओरखड्यांवर नाही. फळी विस्कटलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाची पुंगळी अडकली तर तो मेला. रांगेत असलेल्याची अडकली तर शेजारी झाडत राहिला. बिघाडाचा दर तोच, परिणाम वेगळा.

दुरुस्ती कुठे झाली

सैन्याने काय बदललं ते बघितलं की निदानही कळतं. कातडी फासांऐवजी कॅनव्हासचे पट्टे आले. १८७७च्या कार्बाइनच्या दस्त्यात पोकळी करून सुट्या तुकड्यांची सळई बसवली. डोकं तुटलेली पुंगळी आतून पकडून काढणारं एक छोटं अवजार दिलं गेलं. तांब्याची जागा पितळेने घेतली, पण त्याला वेळ लागला, १८८०च्या दशकाची अखेर उजाडली. स्वस्त आणि सोपे उपाय आधी, मुळावरचा उपाय शेवटी. ट्रॅपडोअरची मूळ रचना मात्र सेवेतून जाईपर्यंत तीच राहिली.

याच सुमाराला ब्रिटिशांनाही हाच धडा मिळाला. त्यांच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असायची. सुदानच्या वाळूत आणि उन्हात, जानेवारी १८८५च्या अबू क्लीच्या लढाईत, ती अडकण्याच्या तक्रारी झाल्या. त्यांनी पुंगळी सलग ओढीव पितळेची केली आणि पुढच्या मार्क चार मॉडेलमध्ये खालचा लिव्हर लांब केला, म्हणजे ओढायची ताकद वाढवली. धातूही बदलला आणि तरफही.

तुमच्यापैकी कुणाला मटेरियल्समध्ये किंवा पुरातत्त्वात छोटा प्रकल्प हवा असेल तर इथे एक पडून आहे: तांब्याची आणि पितळेची सारख्या मापाची नळकांडी पोलादी साच्यात द्रवदाबाने फुगवायची, काहींवर आधी टॅनिक आम्लाचा थर चढवायचा, आणि बाहेर ओढायला लागणारं बल टेन्साइल मशीनवर मोजायचं. बंदूक नको, दारू नको, परवाना नको. फक्त प्रस्ताव लिहिताना पहिल्याच पानावर सांगा की टक्केवारी काढाल तेव्हा छेदात काय असेल: नळकांडी, की ओढण्याचे प्रयत्न.